हेडबाईंच्या वेणीचा खून

१

"हा घ्या पुरावा," म्हणत बाईंनी माझ्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी आपटली. पिशवीत केस होते. काळे, लांब, एखादी छोटी उशी भरेल एवढे. "खून झालाय, डॉक्टर. आणि खुनी माझ्याच घरात राहतो."

मी त्वचेचा डॉक्टर आहे, पण त्वचेसाठी माझ्याकडे कोणी येत नाही. सगळे केसांसाठी येतात, आणि खुर्चीत बसण्याआधी माझ्या टकलाकडे बघून घेतात. याला स्वतःचं जमलं नाही, हा आपलं काय करणार, हे मला त्यांच्या तोंडावर स्वच्छ वाचता येतं. पूर्वी मी समजावून सांगत असे की हे टक्कल वडिलोपार्जित आहे, त्यावर रोज लावायचं लोशन असतं, गोळ्या असतात, केसांचं रोपण असतं, पण लोशन सोडलं की केस जातात आणि मला रोज काही चोपडत बसायचा कंटाळा आहे. आता सांगत नाही. विचारणारे पुढच्या वाक्यात 'मग शाम्पू कुठला वापरू' म्हणतातच.

या बाई एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेत त्यांना हेडबाई म्हणतात आणि घरीही हेडबाईच म्हणतात, फक्त त्यांच्या पाठीमागे. कमरेखाली जाणारी त्यांची वेणी मी लांबून पाहिलेली होती. आज तिची उंदराची शेपटी झाली होती.

"संशयित कोण?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"संशयित कसली, गुन्हेगारच. माझी धाकटी जाऊ. आमच्या तळमजल्यावर पार्लर चालवते. पंधरवड्यापूर्वी म्हणाली, ताई, केसांना स्पा करून देते. डोक्याला काहीतरी फासलं, वाफ दिली, धुतलं, आणि बेसिनमध्ये हा गुंता. घर माझ्या पैशांनी उभं राहिलंय, डॉक्टर. मी पाटी उतरवली, पार्लरला कुलूप घातलं. येत्या रविवारी ती सामान घेऊन बाहेर. तिचा नवरा जहाजावर आहे, म्हणते कुठे जाऊ. म्हटलं, ते मला विचारू नकोस. तुम्ही मला फक्त एवढं लिहून द्या, की हे पार्लरमुळे झालं. म्हणजे पोलिसांतही देता येईल."

मी पिशवीतले केस पांढऱ्या कागदावर पसरले आणि भिंगाखाली धरले. पार्लरच्या रसायनाने केस जळले तर मधेच तुटतात, आणि तुटक्या केसाला मूळ नसतं. इथे प्रत्येक केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका होता. म्हणजे ते तुटले नव्हते, मुळातून सुटून आले होते. टाळू स्वच्छ, कुठे चट्टा नाही, लाली नाही. डोकं सगळीकडून सारखं विरळ.

मग मी त्यांचा हात मागितला. त्यांनी तो वर्गात छडी खायला पुढे करावा तसा पुढे केला. दहाही नखांवर, टोकाजवळ, एक आडवी खाच होती.

"चार-पाच महिन्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"नखांनी. आजारात नख वाढायचं थांबतं, तिथे खाच पडते, आणि ती नखाबरोबर पुढे सरकते. केसांचं उलट. त्यांना राग उशिरा येतो. आज ताप आला तर आज गळत नाहीत, अडीच-तीन महिन्यांनी गळतात. तोवर माणूस ताप विसरलेला असतो आणि समोर सापडेल त्याला धरतो. शाम्पूला, पाण्याला, जावेला."

हेडबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझं प्रगतिपुस्तक आठवलं.

पण माझंही समाधान झालं नव्हतं. तापाने गळलेले केस आपले आपण परत येतात. एव्हाना गळती थांबून कपाळाशी नवी लव दिसायला हवी होती, आणि ती नव्हती. शिवाय नखांच्या मुळाशी पांढऱ्या रेघा होत्या, कडा बिस्किटासारख्या झडत होत्या. तो ताप केव्हाच निघून गेला होता. हे काहीतरी नवं होतं, आणि अजून चालू होतं.

"काही औषध? पूड, गोळी, केसांसाठीचं टॉनिक?"

"मी?" बाई ताठ झाल्या. "घरात सगळ्यांना ताकीद दिलीये, माझ्यासमोर कोणी उपाय हा शब्द काढायचा नाही. त्या साठ-साठ कॅप्सूलच्या बाटल्या, झाकण उघडलं की मासळीचा वास, त्या मी तोंडात घालीन?"

मी थायरॉइड आणि लोह तपासायला रक्त घेतलं. केसांच्या निम्म्या भानगडी तिथे निघतात. बाई बोलत असताना लसणाचा दर्प येत होता. सकाळच्या डब्यात असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि डॉक्टर, तुमच्या शिपायाला सांगा, कामावर येताना लसूण खात जाऊ नको. मला त्या वासाने मळमळतं, आमच्या घरात लसणाची पाकळीसुद्धा येत नाही. महिनाभर बघतेय, जावं तिथे कोणीतरी लसूण खाऊन बसलेला असतो. मी शाळेत दोन शिक्षिकांना समज दिली."

माझ्या दवाखान्यात शिपाई नाही.

२

घरी मी हे सगळं बोलायला नको होतं. आमची ही त्याच पार्लरची जुनी गिऱ्हाईक निघाली.

"रविवारच्या आत खुनी शोधा," तिने फर्मावलं. "नाहीतर माझे केस कोण रंगवणार? तुम्ही?"

"मी डॉक्टर आहे, पोलीस नाही."

"मग पोलीस काय करणार केसांच्या खुनात? आठ वर्षं ती पोरगी त्या खोलीत राबतेय. नवरा सहा-सहा महिने घरी नाही. तिला उचलून रस्त्यावर ठेवतायत आणि तुम्ही भिंग पुसत बसा."

भिंग मी खरोखरच पुसत होतो. हेडबाईंना फोन केला, कागद हवा असेल तर आधी जागा पाहावी लागेल म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारचे पेशंट सोडून त्यांच्या घरी गेलो. त्या शाळेत होत्या. धाकटी पार्लरच्या बंद दाराबाहेर पायरीवर बसून कंगवे खोक्यात भरत होती. शेजारी तिची फिरती खुर्ची, तिच्यावर ड्रायर.

"स्पा म्हणजे काय असतं हो," ती म्हणाली. "क्रीम आणि वाफ. त्याच बरणीतलं त्या दिवशी आणखी तिघींना लावलं. तुमच्या मिसेस पण होत्या त्यात. त्यांचे केस आहेत ना जागेवर?"

"आहेत. तोंडही आहे."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ते तिने कोपराने पुसले, कारण हात कंगव्यांनी भरलेले होते.

"एक सांगा. बाई केस कधी सोडतात?"

"पंधरा दिवसांनी. रोज वरच्यावर कंगवा फिरवतात आणि पुन्हा घट्ट आवळतात. म्हणतात, वेणी सोडली की केस गळतात. म्हणून सोडायचीच नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं केसांच्या तक्रारी ऐकतोय, पण ही तऱ्हा नवी होती. सुटलेले केस घट्ट वेणीत अडकून बसले, पंधरवडाभर साचले, आणि हिने धुतल्यावर एकदम बाहेर आले. पार्लरवाल्या जावेने केस मारले नव्हते. आधीच मेलेले तिच्या बेसिनमध्ये सापडले, एवढंच. तसं मी तिला सांगितलं.

"मग सांगा की तसं ताईंना."

"सांगून उपयोग नाही. त्या म्हणतील, मग खाण्यातून दिलं असेल. आणि खरं सांगू? काहीतरी खाण्यातूनच जातंय, असं मलाही वाटायला लागलंय. तुम्ही काही दिलंत?"

"मी? मला पंधरा दिवस स्वयंपाकघराचा उंबरा बंद आहे. आणि त्याआधी ताईंना खायला घालायला माझी गरजच नव्हती. दोन-अडीच महिने झाले, घरातले सगळे त्यांच्याशी इतके प्रेमाने वागतायत की मलाच माझं काही चुकतंय असं वाटायचं. भाऊजी रात्री स्वतः दूध आणून देतात. त्या माणसाने जन्मात स्वतःचा पाण्याचा पेला उचललेला नाही. सासूबाई ताईंचा डबा स्वतः भरतात, मला हात लावू देत नाहीत. आणि आमची पुतणी कॉलेजला उशिरा उठून धावत जाणारी, ती पहाटे उठून आईची पाण्याची बाटली भरते. मीच एक नालायक."

तेवढ्यात एक लठ्ठ बोका पायरी चढून आला आणि माझ्या बुटाला अंग घासू लागला. पाठीवर आणि शेपटीच्या बुडाशी त्याचे केस गेले होते. खाली गुलाबी कातडी दिसत होती.

"हा कोणाचा?"

"कोणाचा नाही, दुधाचा. ताईंना हल्ली दूध अर्ध्यावर नको होतं, तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते म्हणतात. उरलेलं याच्या पोटात."

मी आजूबाजूला पाहिलं. आमची ही नव्हती, पेशंट नव्हते. मग मी गुडघ्यावर बसलो, बोक्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि त्याचा श्वास हुंगला.

लसूण.

३

शरीराला काही पदार्थ इतके कमी लागतात की ते लागतात हेच आपल्याला कळत नाही. सेलेनियम त्यातलं. चिमटीच्या हजाराव्या भागाहून कमी, आणि तेवढं रोजच्या जेवणात आपोआप मिळतं. जास्त झालं की श्वासाला लसणाचा वास येतो, तोंडात धातूची चव येते, नखं झडतात, केस गळतात, माणूस चिडचिडा होतो. हे शेवटचं लक्षण हेडबाईंच्या बाबतीत उपयोगाचं नव्हतं. ज्या कुरणांच्या मातीत हे फार असतं, तिथे चरणाऱ्या घोड्यांची आयाळ आणि शेपटी झडते. घोड्यांचं होतं तर बोक्याचं का नाही.

शाळेत जाऊन बाईंचं पुन्हा रक्त घेतलं आणि मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवलं. मग संध्याकाळी तिघांना गाठलं, एकेकट्याला. त्यांना फक्त विचारलं, बाईंच्या खाण्यापिण्यात तुम्ही काही घालता का.

हेडबाईंचे यजमान विम्याच्या कचेरीत आहेत. त्यांनी आधी खिडकी लावली, मग दार लावलं, मग म्हणाले, "छे. मी कशाला काय घालू?"

"दूध तुम्हीच देता ना?"

"दूध म्हणजे दूध." त्यांनी खिडकीची कडी पुन्हा तपासली. "पण डॉक्टर, समजा कोणी काही घातलं. पौष्टिक. तर ते वाईट का?"

"कोणी घातलं?"

"कोणी नाही. मी समजा म्हटलं."

सासूबाई स्वयंपाकघरात मिक्सर फिरवत होत्या. मी आत गेल्यावर मिक्सर थांबला आणि भांड्यावर ताटली आली.

"काय वाटताय, आजी?"

"काही नाही बाबा. दात राहिले नाहीत. सगळं वाटूनच खावं लागतं." एवढं सांगून त्यांनी शेजारचं कच्चं गाजर उचललं आणि कडाकड चावत उभ्या राहिल्या.

हेडबाईंची मुलगी हुशार होती. तिने मलाच उलट विचारलं, "तुम्ही काकूच्या बाजूने आहात की आईच्या?"

"केसांच्या."

"काकूने काही केलेलं नाही. एवढंच सांगते. पुढचं बोलले तर आई मला फाडून खाईल." तिच्या टेबलावर आईची पाण्याची बाटली पालथी घातली होती. तळाशी नारिंगी कडं बसलं होतं. ते मी पाहिलं हे तिने पाहिलं, आणि बाटली सरळ केली.

म्हणजे तिघंही खोटं बोलत होती. ते का, हेही उघड होतं. त्या घरात पंधरा दिवस 'विष' हा एकच शब्द चालू होता. अशा वेळी चमचाभर साखर घालणारासुद्धा हात मागे लपवतो. मी शपथा घातल्या, दटावलं, बाईंच्या तब्येतीची भीती घातली. तिघांनीही तोंडाला कुलूप लावलं, आणि तिघांनीही निरोप देताना हलक्या आवाजात तेच विचारलं, "शाम्पू कुठला चांगला हो?"

शनिवारी प्रयोगशाळेचा फोन आला. थायरॉइड ठीक, लोह ठीक. सेलेनियम असायला हवं त्याच्या कित्येक पट. "तुमच्या पेशंट कुठल्या कारखान्यात काम करतात का?" तिथल्या बाईंनी काळजीने विचारलं. "असंच चालू राहिलं तर हातापायांच्या नसांवर जाईल, डॉक्टर."

काय ते कळलं होतं. पण दुधातला एक चमचा किंवा बाटलीतली एक गोळी एवढं करू शकत नाही. हिशेब जमत नव्हता. गुन्हा एक, खोटं बोलणारे तीन, आणि तिघांना मिळवूनही रक्तातला आकडा पुरा होत नव्हता. आणि उद्या रविवार.

४

मी पोचलो तेव्हा दारात टेंपो उभा होता. पार्लरची खुर्ची आणि आरसा आत चढले होते. धाकटी फाटकाशी बॅग घेऊन उभी, आणि टेंपोवाला दर थोड्या वेळाने हॉर्न वाजवून आपण आहोत हे सांगत होता.

"कागद आणलात?" हेडबाईंनी दिवाणखान्यात विचारलं. यजमान, सासूबाई आणि मुलगी तिघंही हजर होती. बोकाही होता.

"आणलाय. पण आधी सगळ्यांना आत बोलवा. धाकट्या बाईंनाही."

ती येऊन दाराशी उभी राहिली. बसली नाही.

शपथेने जे निघत नाही ते कशाने निघतं, याचा मी आदल्या दिवशी बराच विचार केला होता. माझ्या धंद्यात एक गोष्ट मी रोज बघतो. पेशंटचे केस गेले की घरात कोणाचाच हात नसतो. केस परत आले की शेजारणीपासून मामेसासऱ्यापर्यंत सगळे सांगतात, मी सांगितलेल्या तेलाने आले.

तेव्हा मी खुशाल खोटं बोललो.

"विषाचं मनातून काढून टाका," मी म्हणालो. "उलट मी अभिनंदन करायला आलोय. बाईंच्या कपाळाशी नवी लव दिसतेय. इतक्या तापानंतर इतक्या लवकर असं होत नाही. या घरात कोणीतरी बाईंना काहीतरी फार उत्तम देतंय. न सांगता. मला फक्त त्यांचं नाव हवंय. माझ्या बाकीच्या पेशंटचं भलं होईल."

टेंपोचा हॉर्न वाजला. यजमानांनी घसा खाकरला.

"मी म्हणालोच होतो," ते म्हणाले. "पौष्टिक असेल तर वाईट का."

"तू?" सासूबाई उसळल्या. "तुला चहाची साखर सापडत नाही. माझ्या बियांनी आलेत केस. परदेशी आहेत, महागाच्या. माझ्या भाचीने पाठवल्यात. रोज मूठभर वाटून भाजीत घालते, सुनेच्या डब्यात."

"आजी, बियांनी काय होतंय," मुलगी म्हणाली. "पाण्यात मी रोज गोळी विरघळवते. केस, त्वचा आणि नखं, तिन्हींसाठी. मी दोन महिने अभ्यास करून शोधलीये ती."

तिघंही उठली आणि तीन दिशांना गेली. परत आली तेव्हा प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. यजमानांचा पुडीचा डबा, त्यावर खांद्यापर्यंत केस असलेला एक पहिलवान. सासूबाईंचं बियांचं पाकीट. मुलीची गोळ्यांची नळी. दोष घ्यायला माणूस सापडत नाही, श्रेयाला रांग लागते.

"आणि हे मला कोणी सांगितलंच नाही," हेडबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका शांत होता की यजमानांनी डबा पाठीमागे घेतला. "मी ताकीद दिलेली असताना."

"पण बाई, गुण आला ना," मी म्हणालो. "आता ठरवायचं एवढंच, की तिघांपैकी कोणामुळे."

हेडबाईंनी तिन्ही वस्तू एकेक करून पाहिल्या. मग त्यांनी आपली पर्स उघडली.

"तिघांपैकी कोणामुळेही नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी टेबलावर साठ कॅप्सूलची बाटली ठेवली. "केस गळायला लागल्या दिवसापासून मी हे घेतेय. शाळेत, कपाटाला कुलूप लावून. गुण आला असेल तर याने आला."

मी झाकण उघडलं. मासळीचा वास आला.

५

"बाई, पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलंत की या बाटलीला मासळीचा वास येतो," मी म्हणालो. "न उघडलेल्या बाटलीचा वास माणसाला माहीत नसतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मी चारही नमुने ओळीत मांडले आणि चष्मा लावला. पुडीचा डबा मागून वाचला, नळी वाचली, बाटली वाचली. तिन्हींवर बारीक अक्षरांत तोच शब्द होता, आणि बियांवर तो छापावा लागत नाही, त्या निसर्गतःच सेलेनियमने भरलेल्या असतात. एखादी रोज खाल्ली तर ठीक. मूठभर नाही.

"डबा एकटा असता तर चाललं असतं," मी सांगितलं. "गोळी एकटी असती तरी. चौघांनी चार बाजूंनी एकच वस्तू एकाच माणसात ओतली, आणि चौघांनी एकमेकांपासून लपवली. लव वगैरे काही आलेली नाही, ते मी खोटं बोललो. केस गळायला सुरुवात झाली तापामुळे. ती आपोआप थांबणार होती. तुम्ही धीर धरला असता तर या महागड्या डब्यांवाचून वेणी परत आली असती. केस गळू नयेत म्हणून जे दिलंत त्याने ते गळत राहिले, आणि गळतायत म्हणून तुम्ही, मला वाटतं, आणखी वाढवलं."

"त्या स्पानंतर मी दोन चमचे केले," यजमान पुटपुटले.

"मी दोन गोळ्या."

सासूबाईंनी काही सांगितलं नाही, पण पाकिटाकडे बघून अंदाज येत होता.

"आणि लसूण?" हेडबाईंनी विचारलं.

"लसूण कोणी खाल्लेला नाही, बाई. तो तुमच्याच श्वासाला येतो. त्या दोन शिक्षिकांना तेवढं सांगा."

इतका वेळ ताठ बसलेल्या हेडबाई पहिल्यांदा खुर्चीला टेकल्या. मला राग आला होता, आणि तो आता बाहेर पडला.

"या घरात बोका धरून सहा जीव आहेत. चौघांनी हे घातलं. बोक्याने उष्टं पिऊन भोगलं. काहीही न घालणारी एकच व्यक्ती आहे, आणि तिचं सामान टेंपोत आहे."

धाकटी दाराच्या कडीशी चाळा करत होती.

"इलाज काय?" हेडबाई म्हणाल्या.

"बंद करायचं. चारही."

"ते झालं. पण औषध?"

"लोशन?" यजमान.

"ती इंजेक्शनं असतात ना डोक्यात?" मुलगी.

"आणि ते रोपण?" सासूबाई.

"लोशन आणि रोपण माझ्यासारख्या वडिलोपार्जित टकल्यांसाठी," मी एकेक शब्द सावकाश म्हटला. "इंजेक्शन चट्टे पडले तर. लोह कमी असेल तर लोह, थायरॉइड बिघडला तर त्याच्या गोळ्या. बाईंना यातलं काहीच नाही. त्यांचा इलाज म्हणजे साधं जेवायचं, वेणी सैल घालायची, रोज विंचरायची आणि सहा-आठ महिने काहीही करायचं नाही. हाच इलाज सगळ्यात अवघड असतो, आणि तुमच्या घराला तो जमेल असं मला वाटत नाही."

सासूबाईंना माझी दया आली असावी. त्यांनी बियांचं पाकीट उचललं, माझ्या टकलाकडे पाहिलं आणि ते माझ्या हातात कोंबलं. "सुनेला नको तर तुम्ही तरी घ्या. वाया कशाला घालवायच्या."

हेडबाई उठल्या आणि बाहेर गेल्या. फाटकावरून त्यांचा आवाज ऐकू आला. पटांगणातल्या पाचशे मुली गप्प करणारा आवाज होता तो. "खुर्ची खाली घ्या. आरसापण. हळू."

मग त्या माळ्यावरून पाटी काढून, हातात हातोडी घेऊन आल्या. नवऱ्याने पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला, पार्लरच्या दारावर स्वतः खिळा ठोकला आणि पाटी अडकवली. ती थोडी तिरकी लागली. किल्ली त्यांनी धाकटीच्या हातात दिली. शाळेत त्या रोज कोणाकडून तरी माफी मागवून घेतात. स्वतः मागायचा त्यांना सराव नव्हता.

"हे काप," शेवटी त्या म्हणाल्या, आणि ती शेपटीएवढी वेणी खांद्यावरून पुढे घेतली. "मानेपर्यंत. नवे येतील तेव्हा येतील."

धाकटीने वेणीकडे पाहिलं, मग किल्लीकडे, मग ताईंकडे. तिने कुलूप उघडलं. आतली हवा कोंदट होती. तिने खिडकी उघडली, खुर्ची आत ओढून घेतली, तिच्यावरची धूळ फडक्याने पुसली आणि ते फडकं नीट घडी करून ठेवलं.

"रविवारी गर्दी असते, ताई," ती म्हणाली. "नंबर लावावा लागेल."

पार्लरमध्ये चिटपाखरू नव्हतं. हेडबाई भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या, हाताची घडी घातली, आणि नंबर येईपर्यंत थांबल्या.